हिला काही होत नाही, म्हणजे हिनेच आणला?

"ताई, यांना टीबी झाला तेव्हा दोघांची तपासणी झाली. दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह. यांचा सीडी-4 (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) 90, माझा 720. सासूबाई म्हणतात, हिला काही होत नाही म्हणजे हिनेच आणला. दीर म्हणतात, वहिनी, तुमचे जीन्सच चांगले, गोळ्या कशाला? डबी तशीच पडून आहे." – सांगली जिल्ह्यातील एक वाचक

आधी सासूबाईंचं बघू. सीडी-4 वरून कुणाकडून कुणाला लागण झाली, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. लागण अलीकडची असेल तरी आकडा चांगलाच येतो. तुमच्या घरी काय घडलं ते मी ठरवणार नाही, सासूबाईंनीही ठरवू नये.

दिरांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. काहींच्या अंगात आजार फार हळू वाढतो आणि त्यात जनुकांचा हात असतो. एचएलए-बी 57 किंवा बी 27 ही जनुकांची रूपं असलेल्यांच्या बाधित पेशी विषाणूचे नेमके असे तुकडे बाहेर दाखवतात, जे बदलायला गेलं तर विषाणूचंच नुकसान होतं. मग बाधित पेशी मारणाऱ्या मारेकरी टी पेशींना त्याला गाठणं सोपं जातं. सीसीआर5 जनुकातला एक बदल विषाणूला पेशीत शिरू देत नाही. तो आईवडिलांपैकी एकाकडूनच आला असेल तर आजार नुसता मंदावतो. पण तो मुख्यतः युरोपातल्या लोकांत, आपल्याकडे अगदी विरळा. गोळ्यांशिवाय विषाणू दाबून ठेवणारे शंभरात एकही भरत नाहीत. शिवाय बी 57 च्याच एका प्रकारामुळे अबॅकॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी येऊ शकते. घ्या, चांगले जीन्स!

आणि तुझ्यात ती जनुकं आहेत हे दिरांना कुणी सांगितलं? एका रिपोर्टवरून ते कळत नाही. 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासात सीडी-4 500 च्या वर असलेलेच लोक घेतले होते. ज्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या, त्यांना गंभीर आजाराचा किंवा मृत्यूचा धोका थांबलेल्यांपेक्षा 57 टक्क्यांनी कमी, असं 2015 मध्ये दिसलं. म्हणून 2017 पासून आपल्याकडे आकडा कितीही असो, उपचार सुरू करतात, तेही फुकट.

तेव्हा उद्याच एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, जा. गोळ्या घेतल्या नाहीत हे तिथल्या समुपदेशक बाईंना सरळ सांग. रागावल्या तर रागावू देत. सासूबाईंशी बोलायला नवऱ्याला पुढे कर, ते काम त्यांचं आहे. मुलांबद्दल तू काही लिहिलं नाहीस. असतील आणि तपासणी राहिली असेल, तर जाताना त्यांनाही घेऊन जा.