ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या, सराव पाठांचा आठवडा कसा असतो? वर्ग सांभाळता येतो का? मुलांच्या चित्रातल्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करून द्याव्यात का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसलो. नाही. मुलाच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही.

माझे पाठ कुडाळ तालुक्यातल्या एका शाळेत होते, ऐन श्रावणात. सोमवार टाचणांवर सह्या घेण्यात आणि फलकलेखनात गेला. मंगळवारी आठवीला संकल्पचित्र. वर्तुळातली रचना म्हटली की सगळे कमळ काढून दाखवतात. मी सावंतवाडीच्या गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, चार पानं नेली. दशावतारी संचात 120 पानं, दर अवताराची 12, हे ऐकून मुलं आधी हिशोबच करत बसली, पण रचना छान आल्या. बुधवारी पावसाने कागद सादळले, 35 मिनिटांत जलरंगाचा पहिला हातही वाळला नाही. पावसाळ्यात पाठ असतील तर तेलखडू जवळ ठेवा.

गुरुवारी सातवीला स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र, विषय 'गणपतीची शाळा'. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. वर्गातल्या एका मुलाच्या घरची शाळा होती. त्याने पेन्सिल उचललीच नाही. कुंचला घेऊन कागदाच्या मधोमध थेट मूर्तीचे डोळे. मी विचारलं तर म्हणाला, "सर, पेन्सिलीन काढलेलो डोळो मेल्यासारखो दिसता." मग सोंड, पाटांवर ओळीने मूर्ती, आणि पुढ्यात माती मळणारे दोन हात, मूर्तींपेक्षाही मोठे.

तेवढ्यात पाठ बघायला आलेले मार्गदर्शक सर त्याच्या बाकाशी थांबले. "प्रमाण बघ," म्हणाले, आणि त्याच्याच कुंचल्याने, पांढऱ्या पोस्टर कलरखाली ते हात झाकून लहान काढून दिले. दोन मिनिटांचं काम. चित्र सुबक झालं. नंतर मी त्याला खाली नाव घालायला सांगितलं. "ह्यां माझां न्हय," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.

निरीक्षण वहीत मला शेरा मिळाला, विद्यार्थ्यांच्या प्रमाणबद्धतेकडे लक्ष द्यावे. मी खाली सही केली. गुण त्यांच्या हातात होते, बोललो नाही, आणि ते मला आजही टोचतं. म्हणून आता बोलतो: ते हात मोठेच हवे होते. बाप रात्र रात्र माती मळतो आणि पोरगं समोर बसून बघतं, त्याला हातच दिसणार. आठवण त्याची आणि प्रमाण तुमचं, असं स्मरणचित्र असतं का? चूक दाखवायचीच तर फळ्यावर दाखवा, आपल्या कागदावर दाखवा. सरांचं म्हणणं असायचं की मुलाला आत्ताच वळण लावलं नाही तर पुढे हात सुधारत नाही. ज्याचा हात रोज डोळे आखणाऱ्या बापाकडे बघून तयार होतोय, त्याला आम्ही कसलं वळण लावणार होतो? शनिवारी मी त्याला कोरा कागद दिला. त्याने क्रिकेटची बॅट काढली. पेन्सिलने, पट्टी लावून.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांच्या तयारीचा वर्ग मात्र वेगळा, हे सांगायला हवं. इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण आहेत, मुलं त्यासाठीच बसतात. तिथे वस्तुचित्राचं प्रमाण आणि कर्तव्यभूमिती घोटून घ्यावीच लागते. तरी कुंचला मुलाच्याच हातात राहू दे.

वर्ग सांभाळायचं म्हणाल तर निम्मा गोंधळ पाण्यापायी होतो. तास सुरू व्हायच्या आधी डबे भरून ठेवा, कागद वाटायला मागच्या बाकावरची दोन मुलं नेमा. आणि श्रेणी लिहायची ती चित्राच्या मागच्या बाजूला.