फुकटच्या टो-ट्रकचा हिशोब

प्रश्न : कॅलिफोर्नियात फ्रीवेवर गाडी बंद पडली की ‘फ्रीवे सर्व्हिस पॅट्रोल’चा (फ्रीवेवरच्या मदत-गस्तीचा) ट्रक येतो आणि पैसे घेत नाही. बहुतेकांच्या विम्यात ही सोय असताना करदात्यांनी हा भार का उचलायचा?
– एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : विम्याचे सगळे काम हा ट्रक करत नाही. चाक बदलणे, बॅटरीला जंप, रेडिएटरमध्ये पाणी, एक गॅलन पेट्रोल एवढेच. साधारण दहा मिनिटांत गाडी सुरू झाली नाही, तर फ्रीवेबाहेर ठरलेल्या जागी नेऊन सोडतात. तिथून गॅरेजपर्यंतचे टोइंग तुमचे. ट्रकही खासगी कंत्राटदाराचे, तासाच्या दराने घेतलेले. खर्च होतो तो तुमच्यासाठी नव्हे, तुमच्या मागे खोळंबलेल्यांसाठी.

समजा, तीन लेनची क्षमता ताशी ६,००० गाड्या आणि येतात ५,०००. एक लेन अडली की क्षमता एक तृतीयांशाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने घटते, कारण शेजारच्या लेनमधलेही वेग कमी करतात (आणि बघत बसतात!). ३,००० धरा. अर्ध्या तासात १,००० गाड्यांची रांग लागते, ती ओसरायला आणखी एक तास. एकूण खोळंबा ७५० वाहन-तास (दीड तास, सरासरी ५०० गाड्या रांगेत). तीच लेन १५ मिनिटांत मोकळी केली तर १८७. वेळ निम्मा, तोटा पाव. या वाचलेल्या तासांची किंमत आणि वाचलेले इंधन यांना ट्रकच्या भाड्याने भागले की लाभ-खर्च गुणोत्तर मिळते.

पण ‘गस्त नसती तर गाडी किती वेळ अडून राहिली असती’ हा आकडा अंदाजाचाच असतो. तो ३० ऐवजी ४० मिनिटे धरा, लाभ दुप्पट दिसतो. म्हणून लाभ-खर्चाच्या अहवालात आधी तोच तपासावा. किती गाड्यांना मदत केली, या संख्येवर जाऊ नये. शोल्डरवर (रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर) उभ्या गाडीने क्षमता फारशी घटत नाही. रात्री रस्ता रिकामा, भाडे मात्र तेवढेच. म्हणूनच गस्त मुख्यतः गर्दीच्या वेळी असते.

प्रश्न : ट्रक येईपर्यंत काय करावे?

उत्तर : शक्यतो उजव्या शोल्डरवर घ्या, हॅझर्ड दिवे लावा, पट्टा बांधून आतच बसा. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) ५११ ला फोन लावून ‘फ्रीवे एड’ म्हणा. लेनमध्येच अडकलात तर ९११.