सगळी माणसं बदलली तरी ओर्केस्ता आरागोन तोच बँड कसा?

तुम्ही विचारलंय की क्युबाचा ओर्केस्ता आरागोन १९३९ पासून वाजवतोय असं वाचलं, पण सुरुवातीचं तर कुणीच उरलं नसणार, मग त्याला तोच बँड का म्हणायचं आणि एवढी वर्षं तो टिकला कसा. मी नोकरी सांभाळून पंधरा-सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतोय, आणि आमच्यातल्या एका वयस्कर गोवेकर वादकाने मला पहिल्यांदा आरागोनची कॅसेट दिली तेव्हापासून या बँडच्या प्रेमात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिएनफुएगोस हे क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. तिथे ३० सप्टेंबर १९३९ ला ओरेस्तेस आरागोन नावाच्या डबल बेस वाजवणाऱ्या माणसाने हा बँड उभा केला. पहिलं नाव होतं रित्मिका डेल ३९, आरागोन हे नाव नंतर लागलं. बासरी, व्हायोलिनं, पियानो, डबल बेस, टिंबालेस नावाचे ढोल आणि भोपळ्याच्या खाचांवर काडी घासून वाजवतात तो ग्विरो, अशा संचाला तिकडे चारांगा म्हणतात. ट्रम्पेट वगैरे काही नाही. ओरेस्तेस आरागोनचे विचार समाजवादी होते आणि त्याने नियमच करून टाकला की जी कमाई होईल ती सगळ्यांत सारखी वाटायची, बँडला आपलं नाव आहे म्हणून आपल्याला जास्त असं नाही.

हे वाचायला साधं वाटतं पण ज्याने ऑर्केस्ट्रात काम केलंय त्याला विचारा. माझा पहिला ग्रुप चार वर्षांत फुटला तो सुरांवरून नाही तर नाईटच्या, म्हणजे एकेका कार्यक्रमाच्या पैशांवरून, कुणाच्या पाकिटात किती गेले हे एकमेकांपासून लपवायला लागले की तालमीला माणसं उशिरा यायला लागतात आणि मग येतच नाहीत. मला त्याचं आजही वाईट वाटतं, फार चांगले वादक होते. त्यामुळे आरागोन टिकण्याचं पहिलं कारण मी हेच सांगेन.

दुसरं म्हणजे पोरं लहान वयात आत घेतली. राफाएल लाय १९४० मध्ये व्हायोलिन घेऊन आला तेव्हा फक्त १३ वर्षांचा होता. १९४८ ला ओरेस्तेस आरागोन आजारी पडला आणि बँडची जबाबदारी या विशीतल्या पोराकडे आली, तोपर्यंत आठ वर्षं तो त्याच संचात वाढला होता त्यामुळे बाहेरून कुणाला आणायची वेळच आली नाही. १९५३ ला आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याच सुमारास हवानात एन्रीके होरिन या संगीतकाराने चा-चा-चा हा नाचाच्या संगीताचा प्रकार आणला होता, नाचणाऱ्यांचे पाय आडव्यातिडव्या लयीत अडखळतात हे बघून त्याने चाल सरळ ठेवली, गाणाऱ्यांना एकाच सुरात गायला लावलं, आणि जमिनीवर पाय घासल्याचा जो आवाज येतो त्यावरूनच नाव पडलं. (गोव्यातल्या लग्नात आजही चा-चा-चा वाजतो तो मूळचा हाच.) शोध होरिनचा, पण माझ्या मते तो सगळ्यात गोड वाजवला आरागोनने.

आणि तो गोडवा बराचसा रिचर्ड एग्वेसच्या बासरीचा. तो पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर आला. ही बासरी म्हणजे जुन्या फ्रेंच घडणीची लाकडी, फक्त पाच चाव्यांची, आणि चारांगात ती अगदी वरच्या सप्तकात वाजवतात कारण माइक नसताना व्हायोलिनं आणि तालवाद्यं भेदून तिला हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायचं असतं. तिथे बोटांची जागा वेगळी आणि फुंकर जरा चुकली की सूर फाटतो. एग्वेस मात्र तिथे निवांत बोलल्यासारखा वाजवतो, खाली व्हायोलिनं एकच छोटा तुकडा फिरवत राहतात आणि वर हा. 'एल बोदेगेरो' हे त्याचंच गाणं, कोपऱ्यावरचा किराणावाला बीन्स, बटाटे आणि मिरच्यांच्या गर्दीत नाचतोय, बस एवढाच विषय! अमेरिकन गायक नॅट किंग कोलने १९५८ च्या स्पॅनिश अल्बममध्ये ते गायलं.

१९५९ च्या क्रांतीनंतर बरेच वादक देश सोडून गेले, आरागोन तिथेच राहिला आणि परदेश दौरे करत राहिला, त्यातही आफ्रिकेत त्यांच्यावर लोकांनी जीव टाकला. १९६० च्या दशकात मालीहून संगीत शिकायला हवानाला गेलेल्या तरुणांनी तर तिथे स्वतःचा चारांगाच काढला.

खरी परीक्षा १९८२ ला झाली. राफाएल लाय मोटार अपघातात गेला. चौतीस वर्षं बँड ज्याच्याभोवती फिरत होता तो माणूस एका दिवसात नाही. एग्वेसने दोनेक वर्षं सांभाळलं, १९८४ ला तोही बाहेर पडला, आणि लायचा मुलगा, तोही राफाएल आणि तोही व्हायोलिनवालाच, पुढे झाला. तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता, म्हणजे बँड हाती आला तेव्हा बाप जेवढा होता त्यापेक्षा थोडासाच मोठा.

तुमचा जो खरा प्रश्न आहे, तोच बँड का म्हणायचं, त्यासाठी एक करा. 'एल बोदेगेरो'चं पन्नाशीच्या दशकातलं रेकॉर्डिंग लावा आणि लगेच मुलाच्या काळातलं एखादं लाइव्ह लावा, हेडफोन लावून. बासरीवाला बदललाय हे तुम्हाला पहिल्या मिनिटात कळेल, गळे तर सरळच वेगळे आहेत. पण खालची व्हायोलिनं ऐका, गज किती छोटा ओढतात, कुठे उचलतात, ग्विरोच्या घासण्याला कसे चिकटून चालतात. मी व्हायोलिनवाला आहे, मला दोन्हीत फरक सापडत नाही.