बुद्धीची गोळी मागणारे पालक आणि एका आईचा प्रश्न

"मॅडम, लेकराच्या डोस्क्यात काही राहीना झालंय. एखादी बुद्धीची गोळी असली तर सांगा."

लातूरच्या ट्यूशन एरियात समुपदेशन करताना हे वाक्य मला डिसेंबरपासून मेपर्यंत ऐकावं लागतं. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देत नाही, असं सांगून झालं तरी पिशवीतून बाटल्या निघतातच. ब्राह्मी, शंखपुष्पी, कसलंसं बदामाचं सिरप, मेडिकलवाल्याने 'चांगलं आहे' म्हणून दिलेल्या गोळ्या. मुलं आता पालकांच्या पुढे गेलीत. त्यांच्या मोबाईलमध्ये मेंदूचे खेळ असतात आणि कुठल्या तरी सीनियरकडून मोडाफिनिलचं नावही ऐकलेलं असतं.

ह्या सगळ्यावर आधी चार ओळी, म्हणजे मूळ गोष्टीकडे वळता येईल. मोडाफिनिल हे दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावरचं औषध आहे. निरोगी मुलाने ते घेतलं तर जागरण होतं, आणि शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. म्हणजे दुकान उघडं, माल मात्र बाहेरच पडलेला. ब्राह्मीवर लहान लहान प्रयोग झालेत, बारा आठवडे रोज घेतल्यावर आठवणीत थोडा फरक दिसल्याचं त्यातल्या काहींत म्हटलंय. पण परीक्षेच्या तोंडावर बाटली आणून रँक येईल, असं त्यातून निघत नाही. मेंदूच्या खेळांमुळे त्या खेळात हात बसतो, तो पुस्तकात फारसा उतरत नाही. असल्या जाहिरातींवरून अमेरिकेत 'लुमॉसिटी' बनवणाऱ्या कंपनीला 2016 साली 20 लाख डॉलर भरावे लागले होते.

आता तो मुलगा. औशाकडचा, रिपीटर, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा 'नीट' पुन्हा देणारा. आई घेऊन आली होती. वडील ट्रकवर, त्यामुळे ते फोनवरच भेटले.

"तीन-तीन तास वाचतो मॅडम," तो म्हणाला. "पुस्तक मिटलं की पाटी कोरी."

"वाचलेलं कुणाला सांगतोस का?"

"कुणाला सांगू? सिंगल रूम आहे."

आई लगेच म्हणाली, "ह्याच्या पप्पांनीच घेऊन दिली ओ. मागच्या सालात चौघं एका रूमवर होते, दोस्तांच्या नादानं नंबर गेला म्हणतेत. आता डबा दारात येतो, लायब्ररी नाही, कट्टा नाही. फोन बी साधा दिला."

म्हणजे सकाळी क्लास, मग खोली, मग क्लास, मग खोली. क्लासमध्ये दीडशे पोरं असतील, पण फळ्याकडे बघत बसणं हा काही सहवास नव्हे. दिवसभरात माणसाशी बोलणं किती, असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. "डबेवाल्याला थँक्यू म्हणतो," असं म्हणून कसनुसा हसला.

असे पालक मला नवे नाहीत, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. डोकं ही एक टाकी आहे, बाजूची गळती बंद केली की ती लवकर भरेल, असा त्यांचा हिशेब. माझं मत पहिल्यापासून वेगळं आहे. मी ज्या विचारांत वाढले त्याच्या मुळाशी वायगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ आहे. तो 1934 साली जेमतेम सदतिसाव्या वर्षी गेला. त्याचं म्हणणं असं, की माणसाची समज आधी दोघांच्या मध्ये तयार होते आणि मग एकाच्या आत जाते. पुढे मेंदू बघण्याची यंत्रं आली. पण मला स्वतःला सगळ्यात पटलेला प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे.

2003 साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सिॲटलला नऊ महिन्यांची बाळं घेतली. त्यांच्या घरात चिनी भाषा कुणी बोलत नव्हतं. काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, गोष्टी वाचून दाखवल्या, अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणूस समोर असलेली बाळं चिनी ध्वनींतला बारीक फरक ओळखायला लागली. टीव्हीवाल्या बाळांनी काहीच उचललं नाही. आवाज तोच, शब्द तेच. फक्त आपल्याकडे बघणारा, आपल्याला उत्तर देणारा माणूस नव्हता. अठरा वर्षांचा मुलगा बाळ नसतो हे खरं, तो पुस्तकातूनही शिकतोच. पण मेंदूची मूळ ठेवण तीच राहते, असं मी मानते.

पहिल्या काही भेटींत आम्ही झोप, जेवण आणि रडू ह्यांवरच बोललो. ते गाळते. सांगण्यासारखं घडलं ते आईसुद्धा आत बसली होती त्या दिवशी.

मी त्याला म्हटलं, "काल काय वाचलंस ते मला नको, आईला सांग."

"आईला? तिला काय कळतंय त्यातलं, सातवी शिकलीय ती."

"म्हणूनच."

त्याने सुरुवात केली ती थेट पुस्तकासारखी. नेफ्रॉन, ग्लोमेरुलस, फिल्ट्रेट, सगळं इंग्रजीत, सगळं बरोबर, आणि नजर भिंतीवर. आई मान डोलवत होती, देवळात पोथी ऐकताना डोलवतात तशी. मग तो म्हणाला, "किडनीत दिवसाला 180 लिटर पाणी गाळलं जातं."

आईची मान थांबली.

"किती?"

"180 लिटर."

"अन् आपण मुततो किती?"

तो लाजला, माझ्याकडे बघितलं. "दीड लिटर. असंच काही तरी."

"मग बाकीचं पाणी जातं कुठं रे?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. 180 आणि दीड हे दोन्ही आकडे त्याने दोन वर्षं पाठ केले होते, पण ते एकमेकांशेजारी कधी ठेवलेच नव्हते. तोंड उघडलं, मिटलं. मग नजर भिंतीवरून आईच्या तोंडावर आली. त्या भेटीत तो तिच्याकडे पहिल्यांदा बघत होता.

"जात नाही. परत रक्तात घेतलं जातं. जवळजवळ सगळंच."

"तेच घाण पाणी?"

"नाही आई, थांब." तो खुर्चीत पुढे सरकला. "आधी रक्तातून पाणी आणि बारीकसारीक सगळं बाहेर काढतात. साखर बी, मीठ बी. मग कामाचं तेवढं परत आत घ्यायचं. राहिलेली घाण थोड्या पाण्यात सोडून द्यायची."

"अस्सं. मग उन्हात खुरपायला गेलं की लघवी कमी अन् पिवळी का होते?"

ह्या प्रश्नावर तो चक्क टेबलावर हात आपटून हसला. "एडीएच! आई, हाच प्रश्न मी टेस्टमध्ये दोनदा चुकलोय!" आणि मग त्याने तिला सांगितलं, की घाम गेला की रक्त दाट होतं, ते मेंदूला कळतं, मेंदू एक निरोप सोडतो, आणि किडनी नेहमीपेक्षा जास्त पाणी परत ओढून घेते. मध्ये तिच्या कपाळाला आठी पडली की तो थांबायचा, शब्द बदलायचा. एडीएच नावाच्या 'हॉर्मोन'चा 'निरोप' असाच झाला. तो शब्द त्याला पुस्तकाने दिला नव्हता, आईच्या आठीने दिला.

मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. इतक्या वर्षांत कमावलेली विद्या कुठली, असं कुणी विचारलं तर अशा वेळी गप्प बसता येणं हीच, असं मी सांगेन.

त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात काय चाललं होतं? समोरच्याला काय माहीत आहे, काय नाही, तो काय समजून बसलाय, ह्याचा अंदाज घेताना मेंदूचा कानाच्या जरा वर आणि मागे असलेला एक भाग खास कामाला लागतो. रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी 2003 साली तो नेमका दाखवून दिला. हा अंदाज घ्यायचा तर स्वतःला काय येतं तेही तपासावं लागतं. एकट्याने वाचताना ही तपासणी होतच नाही. पान ओळखीचं वाटतं आणि आपण ते 'आलं' असं धरून चालतो.

हा भास फार फसवा आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचायचा. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक लेकरू पहिल्या गटातलं असतं. आणि आईला सांगणं म्हणजे आठवणंच, पण समोर खरं माणूस बसवून.

मग ठरलं ते एवढंच. रात्री जेवणानंतर आईला फोन, एक मुद्दा, दहा मिनिटं. आईने शाबासकी द्यायची नाही, चूकही काढायची नाही. "म्हणजे?" आणि "मग?" एवढंच विचारायचं. खरोखर कळलं नसेल तर तसं सांगायचं. खोटं "हो हो" म्हटलं की सगळं वाया. साडेअकराला दिवा बंद. आणि शेजारच्या रूममधल्या मुलाबरोबर संध्याकाळी एक तास, पुस्तक मिटून, एकमेकांना सांगत.

शेवटच्या अटीवर वडील अडले. "मॅडम, दोस्तांनीच वाटोळं केलंय त्याचं."

"तुम्ही ट्रक चालवायला कसे शिकलात?"

"क्लीनर होतो. उस्तादाच्या बाजूला बसून."

"त्यांच्याशी बोलत बसायचात की नाही रात्रभर?"

तिकडून हसल्याचा आवाज आला. "बरं, एक तास. पण चारजणांचा अड्डा नको." मला एवढं पुरेसं होतं. त्यांची भीतीही अगदीच खोटी नव्हती, चौघांच्या रूमवर अभ्यास कसा होतो हे मीही बघितलंय.

पुढे बायोलॉजीचे मार्क सरकले. फिजिक्स जिथल्या तिथे राहिलं, कारण तिथे गणितं सोडवावी लागतात, नुसतं सांगून भागत नाही. ते त्याला क्लासमधल्या सरांकडेच पाठवलं. सिरपची बाटली आईने फेकली नाही. पैसे गेलेत म्हणून संपवली.

आई-वडील शेतात, कामावर, रात्री दमलेले, असं असेल तर काय, हा प्रश्न मला हमखास येतो. आजी चालते. धाकटी बहीण फार छान चालते, ती सोडत नाही. हुशार टॉपर मित्र मात्र ह्या कामाला कमी पडतो, कारण तो वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देतो. बुजऱ्या मुलाने आधी कोऱ्या कागदावर लिहावं, मग एकाच माणसाला सांगावं. मैफल जमवायची गरज नाही.

आणि काही लेकरांना हे काही लागू पडत नाही, त्यांना आधी डॉक्टर लागतो. सतत थकवा, चेहरा पांढरा पडलेला, पाळीत खूप रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासून घ्या. लहानपणापासूनच लक्ष एका जागी टिकत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जेवण तुटलंय, झोप उडालीय, 'मी नसलो तर बरं' असं लेकरू एकदा जरी बोललं, तरी परीक्षा होईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी दाखवा. रात्र असली तर 14416 ह्या टेलिमानसच्या नंबरवर फोन लावा, तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.