कबुतरांची पहिली जोडी आणण्याआधी त्यांचं घर, म्हणजे ढाबळ, बघ

कळव्यात गच्चीवर कबुतरं पाळायची म्हणतोस, छान! सोसायटीची परवानगी मात्र आधी घे. आणि दोनच जोड्यांपासून सुरुवात कर. नवखा माणूस हौसेने दहा-बारा पक्षी एकदम आणतो आणि पहिल्याच पावसाळ्यात आजारपण सुरू होतं.

आपल्या ठाण्यातला खरा शत्रू ओल आहे. ढाबळीचं तोंड पावसाच्या झडीकडे नको, छपराखाली वारा खेळता हवा, तळ जमिनीपासून हातभर उंच हवा. जुलैत बाजरी-मक्याच्या डब्यात हात घालून बघ. दाणा दमट लागला, कुबट वास आला, तर सगळा फेकून दे, जीव तुटला तरी. बुरशीच्या दाण्याने माझी दोन पिल्लं गेली आहेत, म्हणून कळकळीने सांगतोय.

बाकी एवढं सांभाळ:

- नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेव.
- विकत आणलेलं मोठं कबुतर सोडलं की जुन्या घरी परततं. उडवायला तुझ्याच ढाबळीत जन्मलेली पिल्लं घे.
- विष्ठा रोज काढ, तोंडाला मास्क बांधून. ती धूळ फुप्फुसांना बाधते.

अंडी दोन असतात, साधारण अठरा दिवसांत फुटतात. तोवर सारखं डोकावू नकोस.

रंगांचं गणित पुढच्या वर्षी. तूर्त एक गंमत: निळा (म्हणजे निळसर करडा) नर आणि राखी-लाल मादी जुळव, त्यांची नर पिल्लं राखी-लाल निघतात, मादी पिल्लं निळी. वहीत प्रत्येक पिल्लाचे आई-बाप मात्र आजपासूनच लिही.