जीन्स-टीशर्ट, कधी शॉर्ट कुर्ता, यावर रोज पायात काय घालू?

एकच जोड घ्यायचा असेल तर साधे पांढरे स्नीकर्स घे, जीन्स काय चिनो (साधी सुती पँट) काय सगळ्यावर चालतात, फक्त मोठ्ठा लोगो नको. पण कुर्ता असला की कोल्हापुरीच! २०१९ ला जीआय टॅग, म्हणजे मूळ भागाच्या नावाची कायदेशीर ओळख, मिळालाय तिला. अस्सल असेल तर चामड्याच्या वादीने हाताने शिवलेली असते, खिळे नसतात, ते उलटी करून बघ आधी. सुरुवातीला अंगठ्यापाशी चावते, मग चार दिवस खोबरेल तेल लावायचं, मऊ पडते. पावसाळ्यात मात्र चुकूनही नको, माझी एक भिजून पार पुठ्ठा झाली, तेव्हापासून जून ते सप्टेंबर सरळ रबरी सँडल. आणि हो, कोल्हापुरीत मोजे घालू नकोस रे बाबा, बघितलेत मी असे लोक.