आठवीच्या मुलांना जर्मन सर्वनामं आणि क्रियापदांचा पूर्ण तक्ता पहिल्याच तासाला द्यावा का?

नको, पहिले दोन-तीन तास फक्त इश (मी), दू (तू) आणि झी (आदरार्थी तुम्ही) घ्या, तेही कोमेन (येणे), वोनेन (राहणे), लेर्नेन (शिकणे) या वर्तमानकाळात नियमित चालणाऱ्या क्रियापदांबरोबर. 'इश कोमे आउस पुणे, इश वोने इन कोथरूड' हे मूल त्याच संध्याकाळी घरी म्हणून दाखवतं. फळ्यावर 'कोमेन'चा शेवटचा 'एन' खडूने खोडा आणि इशला 'ए', दूला 'स्ट' जोडून दाखवा. झीला तोच 'एन' परत येतो.

तक्ता लांबवायचं कारण मराठीतच आहे. आपलं 'तुम्ही' मित्रांच्या घोळक्यालाही चालतं आणि सरांनाही. जर्मनमध्ये घोळक्याला ईर, सरांना झी, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी दिली की हमखास घोटाळा. त्यात 'झी' म्हणजे 'ती' आणि 'ते सगळे'सुद्धा! तिथे क्रियापद बघायची सवय लावा: झी कोम्ट म्हणजे ती येते, झी कोमेन म्हणजे ते येतात किंवा तुम्ही येता. लिहिताना आदरार्थी झीचं पहिलं अक्षर कायम मोठं.

दुसरी चूक कर्ता गाळण्याची. मराठीत नुसतं 'येतो' पुरतं, म्हणून मुलं 'कोमे आउस पुणे' लिहितात. 'इश' लिहायलाच लावा. येतो-येते असा फरक मात्र नाही, मुलगा-मुलगी दोघंही 'कोमे', हे ऐकून वर्ग खूश होतो.

झाइन (असणे) मात्र या नियमात बसत नाही: इश बिन, दू बिस्ट, झी (ती) इस्ट पाढ्यासारखं पाठच करून घ्या.